फादर ‘ताओ पो’ म्हणाले नाहीत

आधी गोमती अम्मांचं नाव लिहितो, मग बाकीचं. घमापुरात त्यांच्या अंगणातल्या खोलीत मी भाड्यानं राहतो. त्या नसत्या तर हे पत्र लिहायला मी नसतो. माझी शाळा सातवीत सुटली, तेव्हा चुका होतील, संपादकांनी सांभाळून घ्यावं. आणि वाचकांनी हसू नये... भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता. गावी मसणवटीजवळच्या चिंचा पाडून खाणारा मी!

गाव आर्वीकडचं. दोन वर्षांपूर्वी इथं जबलपूरला तोफांच्या कारखान्यात लागलो, लेथ मशीनवर. लढाई होणार अशी चर्चा सुरू झाली तसा ओव्हरटाइम वाढला. शिफ्ट, खोली, झोप – एवढंच. मराठी बोलायला कोणी नाही. दीक्षितपुऱ्यात मराठी घरं आहेत, पण शिकलेली, मोठ्या हुद्द्याची. एकदा गणपतीला गेलो होतो. चपलांच्या ढिगापर्यंत पोचलो आणि तिथूनच परत आलो.

मग फादर भेटले. मूळचे हॉलंडचे, पण पंचवीसेक वर्षं फिलिपिन्समधल्या एका खेड्यात काढलेली. म्हातारपणी त्यांची बदली इथं झाली. आमच्यासारख्या अर्धवट शिकलेल्या कामगारांना ते संध्याकाळी इंग्रजी वाचायला शिकवत, म्हणजे मशीनचं ड्रॉइंग तरी समजावं. शिकवता शिकवता गाडी हमखास त्या खेड्यावर जायची. हॉलंडची आठवण त्यांना येत नसे, त्या खेड्याची येई. बांबूच्या खांबांवर उभी घरं, तिन्ही वेळ भात, पोरं म्हाताऱ्या माणसाचा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावत. जेवताना कोणी मधेच उठून बाहेर निघालं, तर बसलेले लोक आपापली ताट-बशी फिरवत, जाणारा सुखरूप पोचावा म्हणून. मी कधी त्यांच्याकडे जेवत असलो आणि शिफ्टसाठी अर्ध्यातून उठलो, की फादर गंभीर चेहऱ्यानं आपली थाळी फिरवायचे. आपल्यासाठी कोणी असं करावं... मला रस्ताभर बरं वाटायचं.

आणि ‘ताओ पो’. तिथं कोणी दार ठोकत नाही म्हणे. घराखाली उभं राहून हाक मारायची – ताओ पो! ताओ म्हणजे माणूस, आणि पो म्हणजे आपलं ‘जी’.

“हम नया-नया था,” फादर सांगायचे, “हॉलंड के माफिक दरवाजा ठोकता था. ठक ठक ठक. अंदर सब चुप! बच्चा लोग चटाई के नीचे. बीस दिन किसी ने नहीं खोला.”

“काहे, फादर?”

“अरे, अंधेरे में और भी कोई घूमता है न? वो दरवाजा ठोक सकता है. लेकिन ‘मैं आदमी हूँ जी’, ये नहीं बोल सकता.”

तेव्हापासून ते माझ्या खोलीवर आले की अंगणातूनच ओरडायचे, “ताओ पो!” अम्मा नळावरून टोमणा मारायच्या, “आ गए तुम्हारे ताऊ!” ताऊ म्हणजे इकडे थोरले काका.

लढाई पेटली त्याच आठवड्यात फादर गेले. झोपेत, शांतपणे. नाताळसाठी त्यांनी बांबूच्या काड्यांची, पतंगाच्या कागदाची चांदणी केली होती. ब्लॅकआउटमुळे तिच्यात दिवा लावता आला नाही. तशीच व्हरांड्यात टांगलेली होती.

दुपारी दफन झालं. कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर आमच्या वर्गातला लखन म्हणाला, “चलो, पहले चाय पिएँगे. सीधे घर गए तो फादर पीछे-पीछे आ जाएँगे.” हेही फादरांनीच सांगितलेलं होतं. त्या खेड्यात मयतीवरून थेट घरी जात नाहीत, वाटेत कुठंतरी थांबतात, म्हणजे मेलेला माणूस तिथंच सुटतो. सगळे डोळे पुसत हसले आणि टपरीकडे वळले.

मी नाही गेलो. आमच्याकडेही मयतीवरून आल्यावर कडुनिंबाचा पाला चावायचा, आंघोळ करायची, मगच घरात. मी तेही केलं नाही. मुद्दाम थेट खोलीवर आलो. दार उघडून बाजूला झालो आणि म्हटलं – “या.” का? आता काय सांगू... दुसरं कोणीच येणारं नव्हतं.

थंडी कडक होती. आदल्या रात्रीची शिफ्ट करून तसाच दफनाला गेलो होतो, अंग मोडून आलं होतं. सिगडी पेटवून खाटेजवळ घेतली. कडी लावली. खिडकी ब्लॅकआउटच्या काळ्या कागदानं आधीच बंद. झोप लागली.

जाग आली ती आवाजानं. ठक ठक ठक. डोकं इतकं जड की उचलेना. हातपाय आपले नाहीतच, असं वाटून राहिलं होतं. मला वाटलं, अम्मा असतील, जाऊ दे. पुन्हा – ठक ठक ठक. मग का कोण जाणे, मी पुटपुटलो, “ताओ पो?”

उत्तर नाही.

न बोलणाऱ्याला उघडायचं नाही, फादरांनीच तर सांगितलं होतं. तिसऱ्यांदा ठक ठक ठक... आणि मला एकदम सुचलं, फादर खोटं बोलणारे नव्हते. आता ते माणूस उरले नसतील, तर ‘माणूस आहे जी’ असं कसं म्हणतील?

खाटेवरून खाली पडलो. सरपटत दारापर्यंत गेलो, कशीतरी कडी काढली आणि उंबऱ्यावर कोसळलो. त्यानंतरचं आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा अंगणात होतो, डोकं अम्मांच्या मांडीवर. त्या तोंडावर पाणी मारत शिव्या घालत होत्या. “काए रे, बंद कमरे में सिगड़ी? मरना था का?”

“अम्मा, दरवाजे पे कौन था?”

“कोई नहीं. मैं तो सामने नल पे बर्तन माँज रही थी. चिड़िया तक नहीं आई.”

“पर खटखट...”

“खटखट तो सुनी,” अम्मा म्हणाल्या. “तुम्हीं तो पीट रहे थे. भीतर से. मैंने कही, भीतर से काए खटखटा रहो है लड़का? कुंडी खोल ले!”

डॉक्टर म्हणाले, कोळशाच्या धुरानं भास होतात. बरं, मला झाला. अम्मांना कसा होईल? लखन म्हणतो, तूच बेहोशीत ठोकत असशील. पण मी खाटेवर होतो, दारापासून सहा पावलं. आणि कडी माझ्या बाजूला... मी कडी काढीन, दार ठोकीन काहून?

कधी वाटतं, फादरांनी मला वाचवलं. कधी वाटतं, त्यांनाच बाहेर जायचं होतं आणि मी त्यांना आणून कोंडून ठेवलं होतं. त्या दिवसानंतर खोलीत काही जाणवलं नाही. अगदी काहीच नाही.

अम्मांनी पुढे आठ दिवस आपली खाट माझ्या दारासमोर टाकली, सिगडी अंगणात ठेवली, कडी लावू दिली नाही. हे मी घरी कळवलेलं नाही. कळलं तर आई म्हणेल, नोकरी सोड, निघून ये. पण रजा मंजूर होऊ द्या. अम्मांना मी आर्वीला नेईन, आमच्या ओसरीवर आईच्या शेजारी बसवीन आणि मगच आईला सगळं सांगीन. त्या म्हणतात, इतक्या दूर गाडीत बसायला त्यांना भीती वाटते. मी खिडकीची जागा धरीन, सगळी वाट त्यांच्याजवळ बसून राहीन. नेईनच.