बर्फ देणारे दोघे

वडील पत्रकं छापून गावोगाव वाटायचे. व्यापाऱ्यांची दिलजमाई म्हणजे आपल्या गळ्याला फास, हे मी चौथीत असतानाच त्यात वाचलं होतं. मामाने ते कधी वाचलं नाही.

मामा येलदरीच्या धरणात मासे धरतो. माल घेणारे व्यापारी दोन, एकमेकांचं तोंड न बघणारे. त्या वैरामुळेच काठावर बर्फ यायचा. एकाने फुकट लाद्या द्यायला सुरुवात केली, म्हणून दुसरा जास्त देऊ लागला. दानत वगैरे काही नव्हती. मासा आपल्याकडे वळावा, एवढंच.

मग दोघांना एक होण्याचं शहाणपण सुचलं. एकाचा मुलगा पुण्याला शिकून आला होता. तो याला ‘स्ट्रॅटेजिक टाय-अप’ म्हणायचा. काठावर फ्लेक्स लागला. त्यावर दोघे हातात हात घालून दात दाखवत उभे. आणि ज्यांच्या मानेवर हे बसणार होते, त्यांनीच त्यांना शाली पांघरल्या. नारळ मामाने फोडला.

“भांडणं मिटली. आता धंदा लय बेस चालन,” तो म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात बर्फ बंद झाला. एक दिवस हा येणार, एक दिवस तो. तेही उन्हं चढल्यावर.

गेल्या उन्हाळ्यात मी तिथंच होते. मामाने पहाटे जाळं ओढलं. कटला मासा इतका, की थर्माकोलचा तराफा बुडायला आला. मासे ओल्या पोत्यांखाली झाकून आम्ही वाट बघत बसलो. अकराला व्यापारी आला आणि टेम्पोच्या सावलीत चहा पीत बसला. त्याला कसली घाई? ऊन त्याचंच काम करत होतं.

“मामा, तुमी सगळ्यांनी मिळून दोघांनाबी माल देऊ नका. मी पत्रक लिहिते.”

मामी पोत्यांवर पाणी शिंपडत होती. “तुझ्या कागदानं मासा गार राहतो का, माय?”

“मग जिंतूरच्या बाजारात न्या.”

“जीपवाला टोपली बघून पुढंच पळायलाय. वास येतो म्हनं,” मामा म्हणाला.

शेवटी व्यापारी उठला. एका माशाचे कल्ले उघडून त्याने नाक मुरडलं. “मऊ पडला की, काका. कोण घेईल असला माल? तुमच्याकडं बघून घेतो.” त्याने निम्मा भाव सांगितला. मामाने मान डोलावली.

वजन झालं आणि टेम्पोचं मागचं दार उघडलं. आत रिकाम्या पेट्या आणि बर्फाच्या लाद्या गच्च रचलेल्या होत्या. आमचा मासा आमच्या डोळ्यांदेखत पेट्यांत बर्फाच्या थरांमध्ये जाऊ लागला. मी तोंड उघडणार, तोच मामाने टेम्पोतला लोखंडी दांडा उचलला.

“सेठ, मधला थर पातळ हाय,” म्हणाला, आणि स्वतःच लादी फोडून पेटीत बर्फ भरू लागला.