फायटरची सोबतीण

काल कूलरला नवी खस लावली. तिच्यावर पहिलं पाणी पडलं आणि त्या वासासरशी मी पुसदच्या जुन्या घरी पोचले.

तिथे कूलरसमोर काचेच्या बरणीत आमचा निळाशार फायटर मासा असायचा. तो एकटा म्हणून मला फार वाईट वाटे. अंगणातल्या टाकीत डासांच्या अळ्या खायला आरोग्यखात्यानं गप्पी मासे सोडले होते. त्यातला सगळ्यात रंगीत, मोठ्या शेपटीचा एक मी बरणीत सोडला. फायटरनं लगेच कल्ले फुलवले, शेपटीचा पंखा उघडला.

"आत्या, पाह्य, नाचून राह्यला तो!"

"नाचून नाही, चिडून राह्यला," म्हणत आत्यानं चहाच्या गाळणीनं गप्पी अलगद उचलला आणि टाकीच्या भिंतीवरची एक गोगलगाय बरणीत सोडली. "हे राहू दे. हे त्याच्या मधात येत नाही."

फायटर खरंच शांत झाला. मी आनंदानं घरभर उड्या मारल्या.

त्याच संध्याकाळी, लग्न नको म्हणणाऱ्या आत्याला पाहायला पाहुणे आले. तिनं त्यांचा चहा त्याच गाळणीनं गाळला. तेव्हा मला वाटलं, आत्या गाळणी धुवायला विसरली. आता तसं वाटत नाही.