घरात लोखंडबंदी

त्या वर्षी पानगळीच्या सुमाराला सासूबाई नागपूरहून आमच्याकडे, अमेरिकेत ईडन प्रेरीला, सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. आम्हा दोघींचं रोज फोडणीवरून वाजायचं. नेमकं तेव्हाच सहावीतल्या लेकीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं: जुन्या जर्मानिक टोळ्यांचा धर्म.

"आई, अँगल्स लोकांची नेर्थुस म्हणून देवी होती. मदर अर्थ!" जेवताना ती सांगू लागली. "ती झाकलेल्या गाडीत बसून गावोगाव फिरायची. गाडीला गाई!"

"म्हणजे आपली धरणीमायच की," सासूबाई म्हणाल्या. "गोऱ्यांनाही ठाऊक होती म्हणायची!"

"आणि आजी, ती आली की सगळं लोखंड कुलपात. नो फायटिंग." मग आम्हा दोघींकडे बघून ती म्हणाली, "वी शुड ट्राय."

शनिवारी तिच्या लहानपणच्या लाल गाडीत खणाच्या ब्लाउजपीसखाली झाकलेली बाहुली बसली. गाय म्हणून शेजाऱ्यांचा लॅब्रॅडोर जुंपला. माझा तवा, कढई, सुऱ्या, सासूबाईंनी बॅगेतून आणलेली विळी, सगळं गराजमधल्या कपाटात गेलं.

"अगं, पोळ्या कशावर करू?" मी ओरडले.

"ऑर्डर पिझ्झा."

नवरा इतका खुशीत मी क्वचितच पाहिलाय.

स्वयंपाकच नाही म्हटल्यावर भांडायला विषय उरेना. सासूबाईंनी आणि मी सोफ्यावर शेजारी बसून पिझ्झा खाल्ला आणि दोघींनी मिळून त्याला नावं ठेवली. लग्नानंतर प्रथमच आमचं एकमत झालं.

रविवारी देवीला तळ्यात न्हाऊ घालायचं होतं. काठावर लेक गंभीरपणे म्हणाली, "तिला आंघोळ घालणाऱ्या स्लेव्ह्जना नंतर बुडवून टाकायचे. सो, हू विल डू इट?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग दोघींनी नवऱ्याकडे.

तो बिचारा बाह्या सरसावून वाकला, तेवढ्यात कुत्र्याला बदक दिसलं. गाडीसकट त्याने झेप घेतली. बाहुली पाण्यात, नवरा चिखलात.

"इट वर्क्स!" लेक टाळ्या पिटत किंचाळली. सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना माझा खांदा धरावा लागला. मी बाहुली काढायला पुढे झाले, तशा त्या घाईने म्हणाल्या, "सूनबाई, तू नको हात लावू तिले! उद्या मला चहा कोण देईल?"