जानकीमावशीने घेतलेलं नाव

परवा सकाळी टीव्हीवर विधानसभा चालू होती. विरोधी बाकावरच्या एका आमदाराने काहीतरी विचारलं आणि मंत्री उठून शांतपणे म्हणाले, "हे खरे नाही." माझा चहा तसाच निवत राहिला... कारण याच तीन शब्दांनी एकदा माझी झोप उडवली होती, आणि चूक माझी होती.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. उमरोळीच्या शाळेत मी नवीनच लागले होते. वय एकवीस, अक्षर मोत्यासारखं, अक्कल मात्र यायची होती. गावातल्या बायका पत्रं लिहून घ्यायला माझ्याकडेच येत.

ती धान्यटंचाईची वर्षं. परवान्याशिवाय तांदूळ मुंबईला न्यायला बंदी होती. शेजारच्या जानकीमावशीची लेक मुंबईला चाळीत बाळंत झाली होती, दुसरं बाळंतपण म्हणून सासरीच. आमच्याकडे बाळंतिणीला आईच्या घरच्या लाल तांदळाची पेज लागतेच. मावशी दिराला सोबत घेऊन निघाली, कडेला गाठोडं. वाटेत एका स्टेशनावर तपासणीवाल्यांनी तिला उतरवलं, पंचनामा केला आणि तांदूळ ठेवून घेतला. लेकीकडे ती रिकाम्या हाताने पोचली.

परत आली ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. रडली नाही, नुसती हात चोळत राहिली. मलाच राहवलं नाही. आमचे आमदार विरोधी पक्षाचे, पण कुणाचंही गाऱ्हाणं ऐकणारे. मी त्यांना पत्र लिहायला घेतलं.

नाव लिहिताना गाडी अडली. मावशी नवऱ्याचं नाव घेईना. त्या काळी कुठलीच बाई घेत नसे, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. मी म्हटलं, "बाबूदादा ना?" सगळं गाव त्यांना बाबूदादाच म्हणायचं. मावशीने पदर तोंडाला लावून मान हलवली. मी ऐटीत लिहिलं, जानकी बाबू पाटील... आणि खाली माझी सही ठोकली.

आमदारांनी तो प्रश्न विधानसभेत विचारला. बाळंतिणीच्या पेजेचा तांदूळ अडवणं हे कसलं धोरण, असं थेट मंत्र्यांना विचारलं. चार दिवसांनी शाळेत मुख्याध्यापकांनी पेपर मोठ्याने वाचून दाखवला. "आपले आमदार तोंडावर आपटले बरं का."

मंत्र्यांनी चौकशी केली होती. अशा नावाच्या बाईकडून तांदूळ घेतल्याची नोंदच नव्हती. हे खरे नाही, असं उत्तर देऊन त्यांनी वर विचारलं होतं, की ही माहिती सन्माननीय सदस्यांना कोणी दिली? आमदार एवढंच म्हणाले होते, "माहिती मी दिली आहे. चूक असेल तर तीही माझीच."

मी खाली मान घालून हजेरीपट बघत बसले. माझी नोकरी सरकारी पगाराची. विरोधकांना पत्र लिहिते म्हटल्यावर घरी बसवायला कितीसा वेळ लागला असता? घरी मागे दोन बहिणी शिकत होत्या. माझ्या सहीचं पत्र आमदारांच्या खिशात होतं, नुसतं काढून दाखवलं असतं तरी ते सुटले असते...

रविवारी ते स्वतः आले. धुळीने भरलेल्या चपला ओट्याखाली काढल्या आणि माझं पत्र माझ्या हातात दिलं. "बाई, हे चुलीत घाला." मला रडू आवरेना. तुम्ही माझं नाव का नाही सांगितलं, एवढंच विचारता आलं. ते हसले. "मला खोटारडा म्हणणारे आधीच खूप आहेत. तुम्ही गेलात तर पोरांना शिकवायचं कोणी?"

मावशी दारात उभी राहून हे ऐकत होती. "सायबाला लबाड म्हनले? माज्यापायी?"

मग तिने तपासणीची सगळी हकिगत सांगितली आणि उलगडा झाला. पंचनाम्यात दिराने नवऱ्याचं कागदावरचं नाव सांगितलं होतं. मी लिहिलं होतं ते हाकेचं. बाबूदादा नावाचा माणूस सरकारदरबारी नव्हताच.

आमदारांनी पुन्हा प्रश्न टाकायचं ठरवलं. त्यासाठी मावशीचा जबाब हवा होता, तिच्या तोंडचा. बाबूदादा अंगणातच बैल बांधत होते. मी म्हटलं, दादांनाच विचारू या. मावशी म्हणाली, "नाय बाई. तांदूळ माजा गेला, मीच सांगनार."

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, भिंतीकडे तोंड केलं. मग अगदी हळू म्हणाली, "हरिश्चंद्र... हरिश्चंद्र धर्मा पाटील. लिवा."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. अंगणात दावं हातात धरून बाबूदादा तसेच उभे राहिले. मग त्यांनी टोपी काढली, उगाच झटकली आणि परत घातली. आमदारसुद्धा दुसरीकडे बघायला लागले.

पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न परत आला. या वेळी मंत्र्यांचं उत्तर होतं, "होय, हे खरे आहे." बाळंतिणीसाठी नेलेल्या थोड्या तांदळाला सूट देण्याचा विचार करू, असंही ते म्हणाले. मावशीने ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. "रीत मोडली ती मोडली. सायेब खोटा नाय पडला ना?"

सूट मिळेपर्यंत लेकीचं बाळ रांगायला लागलं होतं, ते सोडा. बाबूदादा मात्र पुढे नव्वदीपर्यंत ठणठणीत होते. मावशी त्यांच्यावर चिडली की म्हणायची, एकदा घेतलं तर एवढं जगला, अजून एकदा घेऊ काय?

तिघंही आता नाहीत. आमदारांनी शेवटपर्यंत माझं नाव कुणाला सांगितलं नाही, मुख्याध्यापकांनाही कधी कळलं नाही. मावशीने आमदारांसाठी तोंड उघडलं, ते मला इतकी वर्षं जमलं नाही.

ते पत्र मी लिहिलं होतं, साहेब. नाव चुकलं होतं ते माझ्या हातून. आज सगळ्यांसमोर सांगते... आणि आभार मानते.