मुलींच्या बाथरूमची किल्ली

आठवीला मानवी हक्क शिकवायचे म्हणजे शेवटच्या तासाला शिकवायचे. नागरिकशास्त्र वेळापत्रकात कायम तिथेच टाकतात. ताजी डोकी गणिताला, उरलेली आम्हाला. साकीनाक्याच्या गाळ्यांतली मशीनची घरघर खिडकीतून आत येते, पंखा नुसता फिरतो आणि मी फळ्यावर तेच ते लिहीत राहते. मुलं उतरवून घेतात. परीक्षेत दोन मार्कांना येतं, एवढंच त्यांना त्याचं कौतुक.

आमच्या शाळेत मुलींच्या बाथरूमला कुलूप असायचं. किल्ली ऑफिसात, खिळ्याला. हरवू नये म्हणून मोडक्या बाकाच्या हातभर फळीला बांधलेली, आणि फळीवर लाल रंगात लिहिलेलं, ‘मुली’. ऑफिस तळमजल्यावर, बाथरूम दुसऱ्या मजल्यावर, मधल्या मजल्यावर वरच्या वर्गातली मुलं. ती फळी घेऊन जिना चढायचा म्हणजे कुठे चाललोय ते अख्ख्या शाळेला सांगत जायचं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी जीव गेला तरी हे करणार नाही. मुलींनी आपला उपाय शोधला होता. शाळा सुटेपर्यंत पाणीच प्यायचं नाही.

दिवाळीनंतर माझ्या वर्गातली एक मुलगी बरेच दिवस आली नाही. प्रश्न विचारून भंडावून सोडणारी पोर, त्यामुळे वर्ग एकदम सुना वाटायला लागला. तिची आई जवळच्याच एका गाळ्यात इमिटेशन दागिन्यांच्या पॅकिंगचं काम करते. एके दुपारी ती कामावरून तशीच शाळेत आली.

“युरिन इन्फेक्शन झालंय बाई, किडनीपर्यंत गेलंय. सलाईन लावलंय. डॉक्टर विचारतात, पाणी पीत नाही का ही? तर म्हणते, शाळेत नाही पीत.” ती पुढे म्हणाली, “दुसऱ्यांदा झालं हे. परत झालं ना, तर मी तिला इथे नाही ठेवणार.”

मी तडक मुख्याध्यापकांकडे गेले.

“मागे काढलं होतं ना मॅडम कुलूप?” ते म्हणाले. “नळ चोरीला गेले, संडासाचं भांडं फुटलं. संस्था म्हणते तुमचं तुम्ही बघा. मी कुठे कुठे बघू?”

माणूस वाईट नाही. बीपीची गोळी घेऊन खुर्चीत बसतो आणि दिवस ढकलतो. मीही तेच करते, त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येईना.

“उघडं ठेवा. मी लक्ष ठेवते,” मी म्हटलं.

“तुम्ही? बघा हं. काही मोडलं तर कुलूप परत.”

तेव्हापासून माझी खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात गेली. मधली सुट्टी तिथे, ऑफ तास तिथे, पेपर तपासणं तिथे. साडीला फिनेलचा वास लागला तो धुऊनही जाईना. “काय मॅडम, टोकन देता का?” असं स्टाफरूममधल्या एकाने विचारलं, त्यावर सगळे हसले आणि मीही हसले, कारण भांडायला अंगात त्राण लागतं. सुरुवातीला मुली घोळक्याने यायच्या. सहावीतल्या एकीने दारापाशी थांबून विचारलं, “बाई, खरंच जाऊ?” मी खेकसले, “मला काय विचारतेस? जा!” ती पळाली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

माझी विद्यार्थिनी बरी होऊन परत आली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, “बाई, मुलांच्या बाथरूमला कुलूप का नाही?” मुलं खिदळली. मी धडा पुढे नेला नाही, पुस्तक मिटलं आणि तो तास त्यावरच गेला. फार दिवसांनी शेवटच्या तासाला कुणी जांभई दिली नाही.

मार्चमध्ये मी दाढ काढायला एक दिवस रजा घेतली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तो दाराला कुलूप. शिपाई म्हणाला, “सरांनीच सांगितलं, मॅडम नाहीत तर बंद.” मी सुजलेला गाल घेऊन खाली गेले आणि ती फळी घेऊन वर आले. मुलं बघत होती. माझ्या वयाच्या बाईलाही लाज वाटली.

निकालाच्या दिवशी त्या मुलीची आई आली. मुलगी चांगल्या मार्कांनी पास झाली होती, पुन्हा आजारी पडली नव्हती. ती आभार मानायला आली असेल असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला ते हवंही होतं.

“बाई, तुमची रिटायरमेंट कधी?”

“याच महिन्यात.”

तिने मान हलवली. “तुम्ही दाढ काढायला गेलात, त्या दिवशी कुलूप होतं ना?”

“होतं.”

“तुमच्यानंतर कोण बसणार?”

स्टाफरूममध्ये मी विचारून पाहिलं होतं. कुणीच तयार झालं नव्हतं.

“मुलुंडला माझी बहीण राहते,” ती म्हणाली. “तिच्याजवळच्या शाळेतलं बाथरूम मी स्वतः बघून आले. उघडं आहे. बाहेर कुणी बसलेलं नाही. नववी-दहावी तिथेच करू दे. मी रविवारची जात जाईन भेटायला.” घरात त्या मायलेकी दोघीच.

“बरोबर केलंत,” मी म्हणाले. तसं ते बरोबरच होतं. शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या अर्जावर पहिली सही वर्गशिक्षिकेची लागते. मी ती केली.

मुलगी इतका वेळ दारात उभी होती. “बाई, मला नाही जायचं,” ती म्हणाली. “आईला सोडून नाही जायचं. मला कुणी विचारलंच नाही.”

तिची आई माझ्याकडे बघत होती आणि मी त्या सहीकडे.