भोंगासाहेब आणि आमचं जोतं

बँकेच्या माणसानं हळू बोलावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. आमच्या भोंगासाहेबांना ते कधी जमलं नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावायची आणि तिथूनच ओरडायचं, "आक्का, हप्ता ऱ्हायलाय न्हवं तुमचा?" नदीकडच्या शेवटच्या घरापर्यंत आमचा हप्ता जाहीर व्हायचा. माझा नवरा शरमेनं आत पळायचा. मी उंबऱ्यात येऊन म्हणायची, "पेपरात द्या की साहेब, एवढं कशाला ओरडताय?" त्यावर ते हसायचे, आणि ते हसणंही पलीकडच्या गल्लीत ऐकू जायचं. त्यांचं खरं आडनाव बँकेतल्या टेबलावरच्या पाटीवर होतं, पण आमच्या गल्लीत ते कुणी वापरलं नाही.

ते एका बँकेत कर्जविभागाचे अधिकारी होते. गडहिंग्लजकडचे, म्हणून बाई दिसली की आक्का आणि बाप्या दिसला की आण्णा. बँकेच्या दारात बायका चपला काढून आत येतात हे त्यांना अजिबात खपायचं नाही. खुर्चीतून उठून यायचे आणि म्हणायचे, "देऊळ हाय व्हय हे? पैसा तुमचाच, आमी राखणदार. घाला चपला!" माझ्या शेजारच्या शेवंतामावशी घाबरून चपला हातात घेऊनच कर्ज मागायच्या.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो एकोणीसच्या पुरानंतर. घराच्या पुढच्या खोलीत माझं चटणी कांडप, म्हणजे मिरची-मसाला कुटून द्यायचं यंत्र, होतं. पंचगंगेचं पाणी उतरलं तेव्हा यंत्राच्या मोटरीत चिखल भरला होता आणि मी पायरीवर बसून रडत होते. कुठल्याही कचेरीतून आलेला पहिला माणूस म्हणजे हे, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. "आक्का, रडणं मागनं करा. आदी मोटर सोडवून उन्हात घाला." एवढं बोलून त्यांनी स्वतःच पाना हातात घेतला. मोटर वाचली नाही, पण नवीन मोटरीचं कर्ज त्यांनी मिळवून दिलं. एकवीसला पुन्हा तेच. त्या वेळी मोटर सोडवून झाल्यावर ते उंबऱ्याची उंची वितीनं मोजत म्हणाले, "किती येळा मोटर बदलायची आक्का? आता जोतंच उचलूया."

तेव्हापासून त्यांना जोत्याचा ध्यास लागला. पत्रे उतरवायचे, खालून भराव घालून जोतं चार फूट वर घ्यायचं, वर पुन्हा भिंती चढवायच्या. हप्त्याला आले तरी छातीशी हात आडवा धरून सांगायचे, "हितवर आलं की तुमी सुटला." गवंड्याला त्यांनीच आणलं, नकाशा त्यांनीच काढून घेतला. मला तर वाटायला लागलं होतं की घर माझं नसून यांचंच आहे.

आणि मग ते परिपत्रक आलं. सगळ्या बँकांच्या वर जी बँक असते, तिच्याकडून मसुदा आला होता. पूर, दुष्काळ, उन्हाळा यांमुळं आपली किती कर्जं धोक्यात आहेत हे बँकांनी मोजायचं आणि जाहीर करायचं. त्याआधी हरित ठेवींचा नियमही आला होता. त्या नावानं गोळा केलेला पैसा पर्यावरणाच्या आणि बदलत्या हवामानाला तोंड देण्याच्या कामालाच लावायचा. बँकेतले बाकीचे लोक म्हणे कपाळाला हात लावून बसले. आमचे साहेब मात्र घरचं लग्न ठरल्यासारखे गल्लीत सांगत फिरले. "आक्का, आजवर पूर फकस्त तलाठ्याला दिसायचा. आता बँकंला बी दिसाय लागलाय. एकदा दिसला की जोत्याला पैसा सुटतोय बगा!"

कुणाच्या घरात किती पाणी आलं होतं, हे विचारायला ते घरोघर फिरले. आता आमच्याकडं पाण्याची उंची ही मानाची गोष्ट आहे. पूर ओसरला की पाहुण्यांपुढं ज्याच्या घरात पाणी जास्त, त्याच्या शब्दाला वजन जास्त. त्यात पंचनाम्याची सवय. कागद आणि पेन घेतलेला माणूस दिसला की मदत आली, असं धरूनच चालायचं. शेवंतामावशींनी सांगितलं, "देव्हाऱ्यातलं देव तरंगत हुतं!" समोरचे बाजीरावआण्णा म्हणाले, "पंख्याच्या पात्यात मासं सापडलं." माझ्या नवऱ्यानं तर माळ्यावरची मांजर बुडाल्याचं सांगून टाकलं. आमच्या घरात मांजर कधीच नव्हती आणि पाणी आलं होतं कमरेएवढं.

भिंतीवरची चिखलाची खूण साहेबांनी स्वतः पाहिली होती. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि हसत सगळं तसंच लिहून घेतलं. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पाणी जास्त दिसलं तर जोत्याची गरज जास्त दिसंल." त्यांचा हिशेब इतका सरळ होता की मलाही तो पटला.

तो कागद मुख्य कचेरीत गेला. तिथून तो बँकेनं नेमलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांकडं गेला, त्यांनी तो संगणकात घातला आणि शहराचा रंगीत नकाशा तयार झाला. उंचावरच्या बंगल्यांच्या वसाहती हिरव्या आणि आमची गल्ली लालभडक. संचालकांनी ठराव केला, लाल भागात बांधकामाला कर्ज नाही. माझी फाईल तेव्हा शेवटच्या सहीसाठी थांबली होती.

त्या दिवशी साहेब गल्लीच्या तोंडाशी ओरडले नाहीत. चालत घरापर्यंत आले.

"आक्का, कर्ज न्हाय म्हणत्यात."

"का वो?"

"हितं पूर येतोय म्हणून."

"अवो, पूर येतोय म्हणूनच तर जोतं उचलायचंय!"

"त्येच घसा फोडून सांगतोय मी," ते म्हणाले आणि कांडपाच्या ओट्यावर बसले. मला संताप आला, पण तो कुणाचा यावा तेच कळेना. बँकेचा, नवऱ्याचा, त्या नसलेल्या मांजरीचा की या माणसाचा?

मुख्य कचेरीत ते मला सोबत घेऊन गेले. तिथल्या थंडगार खोलीत त्यांचा आवाज पहिल्यांदाच मला चांगला वाटला. "साहेब, कर्ज बंद करा असं मसुद्यात कुठं लिव्हलंय? धोका मोजा म्हटलंय. जोतं उचललं की धोका कमी हुतोय की! आन हरित ठेवींच्या यादीत हवामानाला तोंड द्यायची कामं हायत. आपण नुसतं बंगल्यांवर सोलर पॅनेल बसवतोय. ह्या बाईचं जोतं त्यात का बसत न्हाय?" समोरचे मोठे साहेब फार सभ्य होते. त्यांनी मला चहा मागवला. म्हणाले, "बसेल कदाचित. पण तसं दाखवायचं तर बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. एवढ्याशा कर्जाला तो खर्च कोण करणार? आणि पाण्याचे आकडे तर तुम्हीच आणलेत ना?" साहेबांनी फाईल मिटून काखेत घेतली. मी चहा तसाच ठेवला.

एकच वाट उरली होती. गल्लीनं खरी उंची लिहून द्यायची आणि रंग बदलून घ्यायचा. अर्ज घेऊन ते पुन्हा दारोदार फिरले आणि गल्लीला वाटलं, हा माणूस आपली मदत कापायला आलाय. बाजीरावआण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "तवा पंख्याला लिव्हलंसा, आता गुडघ्याला आणताय व्हय? मधला पैसा कुणाच्या खिशात गेला?" साहेबांनी अख्ख्या गल्लीपुढं हात जोडले. "आण्णा, मदत न्हाय वो ही! पाया पडतो तुमच्या, खरं सांगा." आण्णांनी दार लावून घेतलं. शेवंतामावशींनी तर पाणी आणखी एक फूट वाढवलं. मी घसा बसेपर्यंत भांडले, पण कर्ज तुझंच अडलंय म्हणून तू बोलतेस, असं मला तोंडावर सुनावलं गेलं.

अर्जावर सही माझी एकटीची झाली. गल्लीपुढं आपल्याला खोटं पाडलं म्हणून नवरा त्या रात्री जेवला नाही. एका घराचा रंग गल्लीपेक्षा वेगळा करता येत नाही, असं बँकेचं उत्तर आलं. पाठोपाठ साहेबांची बदली चंदगडला झाली. निरोप घ्यायला आले तेव्हा आमचं सोडून एकही दार उघडलं नाही. मला म्हणाले, "आक्का, माझं चुकलं वो. मला वाटलं, पाणी दावलं की बँक धावत येईल." मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. दुसरं काय बोलणार? गाडी वळेपर्यंत मी दारात उभी राहिले आणि मग आत येऊन ढसाढसा रडले.

पावसाळा तोंडावर आला तसा माझा धीर सुटला. तिसऱ्यांदा चिखलातून मोटर उचलायची ताकद माझ्यात नव्हती. कांडप आम्ही विकलं. कबनूरचा एक माणूस टेंपो घेऊन आला आणि अर्ध्या दिवसात ओटा रिकामा झाला. नवरा आता एका किराणा दुकानात पुड्या बांधतो.

साहेबांचा फोन येतो. "आक्का, कांडप चालू हाय न्हवं?" मी म्हणते, व्हय. परवा म्हणाले, "हितं पाऊस खंड देत न्हाय. तुमच्या कांडपावरची चटणी धाडा की एसटीनं. चव अजून जिभंवर हाय." आता काय सांगणार त्यांना? दुसऱ्या पेठेतल्या कांडपावर जाऊन मी चटणी विकत घेतली, आमच्या जुन्या पिशवीत भरली आणि चंदगडच्या गाडीत चढवली. उभ्या आयुष्यात मी विकतची चटणी कधी आणली नव्हती.

चटणी पोचल्याचा फोन आला. कांडपाचं काही त्यांनी विचारलं नाही. "पोचली आक्का. चव बघितली," एवढंच म्हणाले. पलीकडं पाऊस वाजत होता. त्यांनी फोन ठेवला नाही, आणि मलाही ठेवता आला नाही.