बोलता येईल इतकंच पळायचं

मेडशीत आमचं एकत्र घर वेगळं झालं आणि मोठ्या जाऊबाईंशी माझं बोलणं बंद झालं. भिंत कुठून घालायची, एवढ्यावरूनच. पुढं माझी शुगर वाढली, म्हणून मी पहाटे वाशीमच्या रस्त्यानं पळू लागले. एसटी सुटल्यासारखी धावायची आणि पहिल्याच पुलाशी धापा टाकत थांबायची.

एके दिवशी मागून पावलं वाजली. जाऊबाई! लेकीचे बूट घालून, संथ पळत माझ्या पुढं निघून गेल्या. रोज हेच व्हायला लागलं. शेवटी एकदा त्या थांबल्या.

"वाघ मागं लागल्यावानी कायले पयतं? मोबाईलमदी पाह्यलं मी. पयता पयता गोष्ट सांगता आली पाह्यजे, इतकंच पयाचं."

"कोणाले सांगू गोष्ट?"

"मले सांग ना. अजून कोन हाये इथं?"

मी आदल्या दिवशी नासलेल्या दुधापासून सुरुवात केली. माहेरच्या लग्नापर्यंत आले तेव्हा पूल कधीच मागं पडला होता.

मग दर आठवड्याला थोडं थोडं अंतर वाढवलं. पेट्रोल पंप, मग पुढचा फाटा. मधेच एखादा आठवडा त्या मुद्दाम कमी पळवायच्या. मला घाई. एकदा एकटीच दुप्पट पळाले आणि नडगी धरून बसले. त्या तेल चोळायला आल्या. "आच वाढवली म्हून भाकर लवकर होत नाही बाई, जयते."

हिवाळ्यात वाशीमला दहा किलोमीटरच्या शर्यतीत उतरलो. पोरं भुर्रकन पुढं गेली. आम्ही नणंदेच्या नव्या सुनेबद्दल बोलत चाललो होतो. पाणी देणारी मुलगी ओरडली, "काकू, स्पर्धा हाये, पळा ना!" हसून हसून माझ्या पोटात चमक भरली.

शेवटचं वळण आलं. "आता चूप," जाऊबाई म्हणाल्या, "आता पय!" आणि सुटल्याच. मी जीव खाऊन मागं. त्या आधी पोचल्या आणि रेषेपलीकडून माझ्या नावानं अख्खं मैदान दणाणून सोडलं.

परतताना एसटीत गळ्यातली पदकं काढली नाहीत. मेडशी आलं, पण दोघींचे गुडघे पायऱ्या उतरायला तयार नव्हते. एकमेकींना धरून हसतोय, उतरत मात्र नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी वाजवली, मग तोही हसायला लागला.